टाकीचे घाव

मायकेलँजेलोचा 'पिएता' मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि या गुडघ्यांनी आता रोमला जाणं होईलसं वाटत नाही. तरीसुद्धा गेले दोन महिने सकाळचा चहा झाला की मी संगणक उघडून तोच पुतळा बघत बसते. फोटो मोठा करते, हात बघते, पदराच्या चुण्या बघते. सूनबाई एकदा म्हणालीसुद्धा, "आई, रोज तेच काय बघता?" आता हे रोज बघण्याचं कारण जरा घरगुती आहे, ते पुढे येईलच. आधी पुतळ्याबद्दल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवल्यावर ही खोड जात नाही, सांभाळून घ्या.) येशूला क्रुसावरून उतरवल्यावर त्याची आई मेरी त्याला मांडीवर घेऊन बसली आहे, एवढाच विषय. उंची पावणेसहा फूट, रुंदी जवळजवळ साडेसहा फूट, आणि सगळं एकाच संगमरवरी दगडातून काढलेलं. रोममध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच कार्डिनलने हे काम सांगितलं. करार झाला ऑगस्ट १४९८ मध्ये, मोबदला ४५० सोन्याची नाणी, मुदत एक वर्ष. जामीन राहिलेल्या गृहस्थाने लिहून दिलं होतं की आज रोममध्ये संगमरवराचं याहून सुंदर काम कुठे नसेल आणि हयात असलेला कुठलाही कलावंत याहून चांगलं करणार नाही. आणि ज्याच्या भरवशावर हे लिहून दिलं, त्याचं वय होतं तेवीस! दगड निवडायला तो स्वतः कराराच्या खाणीवर गेला होता. (गंमत बघा, गावाचं नावच 'करारा'.)

आता जरा शांतपणे पुतळा बघू.

पहिल्यांदा लक्षात येते ती मेरीची मांडी. मोठ्या माणसाचं अख्खं शरीर बाईच्या मांडीवर मावत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे मात्र ते मावलंय, आणि कुठे अवघड वाटत नाही. हे कसं साधलं? मेरीला त्याने मोठी केली आहे. ती उभी राहिली तर मुलापेक्षा बरीच उंच भरेल. पण हे मोठेपण त्याने वस्त्राच्या घड्यांमध्ये लपवलं. चेहरा लहानच ठेवला, आणि खाली गुडघ्यांवरून वस्त्र असं पसरवलं की बघणाऱ्याला मांडी किती रुंद आहे याचा हिशोब लागतच नाही. डोक्यापासून खाली रुंद होत जाणारा हा आकार बघून मला तर डोंगर आठवतो.

दुसरी गोष्ट हातांची. उजव्या हाताने तिने मुलाला काखेखालून सावरलंय, पण तिची बोटं त्याच्या कातडीला लागत नाहीत, मध्ये वस्त्र आहे. त्या बोटांच्या दाबाने त्याच्या अंगाचं मांस किंचित वर आलंय. दगडात! आणि डावा हात मात्र मोकळा, तळवा वर. त्या हातात काही नाही, तो काही धरत नाही. मला वाटतं सगळं दुःख त्या डाव्या हातात आहे. चेहऱ्यावर तर जवळजवळ काहीच नाही.

आणि तिसरी गोष्ट, ज्यावर पाचशे वर्षं लोक बोलत आलेत. मेरी इतकी तरुण कशी? तेहतीस वर्षांच्या मुलाची आई विशी-बाविशीची दिसते! मायकेलँजेलोलाही हे विचारलं गेलं होतं, आणि पवित्र स्त्रिया जास्त काळ टवटवीत राहतात अशा अर्थाचं उत्तर त्याने दिल्याचं त्याच्या चरित्रकाराने नोंदवलंय. उत्तर ठीक आहे, पण मला ते पटत नाही. मला दुसरंच काही आठवतं.

माझा एक विद्यार्थी हमरस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. वय सव्वीस. आमच्या भागात, या मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांना असे प्रसंग नवीन नाहीत, दर दोन-चार घरांमागे एखादी तसबीर असतेच. मी गेले तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं आणि आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बायका रडत होत्या, ती रडत नव्हती. नुसती खाली बघत होती. आणि तिचा चेहरा... कसं सांगू? पन्नाशीच्या त्या बाईचा चेहरा एकदम लहान दिसत होता. आठवीच्या प्रवेशाला त्याचा हात धरून ती शाळेत आली होती, तोच चेहरा. वर्षं मधली सगळी पुसली गेली होती. ती त्या वेळी सव्वीस वर्षांच्या मुलाची आई नव्हतीच, ती नुकतं बाळ मांडीवर घेतलेली आई होती. तेव्हापासून मेरी तरुण का, हा प्रश्न मला पडत नाही. तेवीस वर्षांच्या मुलाला हे कुठून कळलं, हा प्रश्न मात्र पडतो. त्याची स्वतःची आई तो सहा वर्षांचा असतानाच गेली होती. त्याला आई आठवत असेल तर ती तरुणच आठवत असणार, नाही का?

असो. आता घराच्या जवळ येऊ.

आमच्या ओट्यावरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. मुंबईहून कोकणात जाताना डावीकडे अंगठा वर केल्यासारखा दिसतो ना, तोच. हा आपला दगड, काळा पाषाण, लाव्हारस थिजून झालेला. संगमरवर आपल्याकडे नाही. तो चुनखडीच्या दगडापासून जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने होतो. दोन्हींचा स्वभाव वेगळा. पाषाणावर पडलेला प्रकाश वरच थांबतो. संगमरवरात तो किंचित आत शिरतो आणि मग परत येतो, म्हणून संगमरवर कातडीसारखा जिवंत भासतो. पण म्हणून पाषाण कमी असं नव्हे बरं का! आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या घारापुरीला, सहाव्या शतकाच्या सुमाराला, कुणा अनाम कारागिरांनी वीस फुटी सदाशिव डोंगराच्या पोटातच कोरून काढला. तिथे तर चुकलं तर दुसरा दगड आणा, ही सोयच नव्हती. पिएता असो की घारापुरी, दोन्हीकडे रीत एकच, नको ते काढत जायचं. काढलेलं परत लावता येत नाही.

मातीचं काम याच्या बरोब्बर उलटं. तिथे लावत जायचं. चुकलं तर काढायचं, परत लावायचं. मराठी माणसाला शिल्प म्हटलं की खरी ओळख याच कामाची. आमच्या इथून एसटीने पाऊण तासावर पेण, तिथे आणि आजूबाजूच्या हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर गणपतीचे कारखाने चालतात. माती मळणं, साच्यातून काढणं, हात जोडणं, सांधे पुसणं, रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी सगळ्यांना जमत नाही. कारखान्यात शंभर हात असले तरी डोळे काढणारे हात थोडेच असतात.

आणि मातीच्याच कामातून मराठी मुलखाला एक शिल्प मिळालं, जे मी प्रत्यक्ष पाहिलंय. गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी'. १८९६ सालचं काम. म्हात्रे तेव्हा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी होते, वय साधारण वीस. १९९० च्या आसपास आमच्या शाळेतली एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं घेऊन चित्रकलेच्या सरांबरोबर मी जे. जे. बघायला गेले होते, तेव्हा ती पाहिली. नऊवारी नेसलेली तरुण मुलगी, पूजेचं साहित्य घेऊन देवळाला निघालेली. बस्स. ना देवी, ना राणी, ना अप्सरा. आपल्या आळीतली कुणीतरी. माझ्याबरोबरची मुलं दंगा करत होती, ती तिच्यासमोर आल्यावर आपोआप हळू बोलायला लागली, हे मला चांगलं आठवतं.

ती कशी घडली असेल बघा. आधी आत लोखंडी सांगाडा, त्यावर ओली माती चढवत नेलेली, सुकू नये म्हणून रात्री ओल्या फडक्यांनी झाकलेली. मग साचा, आणि साच्यातून प्लास्टर ऑफ पॅरिस. हो, तेच प्लास्टर, ज्याच्यावरून आपल्याकडे दर भाद्रपदात वाद होतात! जे. जे.मध्ये मुलांना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकवलं जायचं. एका पायावर भार देऊन दुसरा सैल सोडलेली ती उभी राहण्याची ढब तिथूनच आलेली. मायकेलँजेलोही त्याच ग्रीक-रोमन पुतळ्यांकडे बघत शिकला. म्हणजे गुरू एकच म्हणायचे. पण म्हात्र्यांनी त्या ढबीला नऊवारी नेसवली. नऊवारी म्हणजे काय हे आम्हा बायकांना विचारा! काष्टा, निऱ्या, ओचा, प्रत्येक ठिकाणी कापडाचा ताण वेगळा. कुठे ते अंगाला घट्ट बसतं, कुठे सुटं पडतं. मेरीच्या वस्त्राने मांडीची रुंदी लपवली, इथल्या नऊवारीने मुलीची चाल दाखवली. पुतळा उभा आहे, तरी ती चालली आहे हे कळतं ते कापडामुळे.

या कामाला बॉम्बे आर्ट सोसायटीचं बक्षीस मिळालं. रवींद्रनाथांनी १८९८ मध्ये बंगालीत त्यावर लेख लिहिला. लंडनमध्ये सर जॉर्ज बर्डवुड यांनी कौतुक केलं. हे तेच बर्डवुड, ज्यांनी १८८० मध्ये लिहिलं होतं की ललित कला म्हणून शिल्प आणि चित्र हिंदुस्थानात नाहीतच. वीस वर्षांच्या एका मराठी पोराने त्यांच्याकडून एवढं वदवून घेतलं.

पुढे म्हात्र्यांना काम भरपूर मिळालं. राजेरजवाडे, पुढारी, साहेब लोक, यांचे पुतळे. अहमदाबादसाठी त्यांनी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा संगमरवरात केला. म्हणजे संगमरवर आला, पण राणीच्या वाट्याला आला, देवळाला निघालेली मुलगी प्लास्टरची ती प्लास्टरचीच. याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. म्हात्र्यांनी असं आणखी काही केलं असतं तर, वगैरे. मला त्यांना नावं ठेववत नाहीत. पुतळा घडवायला जागा लागते, माणसं लागतात, दगडाला पैसे लागतात. ज्याला राणीच हवी तो राणीचेच पैसे देणार. पिएतासुद्धा कार्डिनलच्या ४५० नाण्यांवरच उभा राहिला ना?

आता घरगुती कारण.

नातेवाईक मंडळींना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. आमची नात यंदा बारावीला आहे, शास्त्र शाखेत. मार्क चांगले पडतात. तिला जे. जे.ला शिल्पकलेला जायचंय. तिचे बाबा, म्हणजे आमचे चिरंजीव, म्हणतात इंजिनिअरिंग कर आणि शिल्प छंद म्हणून ठेव. त्यावरून दिवाळीपासून घरात जेवताना कुणी फारसं बोलत नाही. दोघांनीही मला मध्ये घेतलंय. नात म्हणते, "आजी, तू सांग ना बाबांना." चिरंजीव म्हणतात, "आई, तू तिला फूस लावू नकोस." काका, आत्या, मावश्या यांचे फोन वेगळेच. म्हणून म्हटलं, प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहावं.

चिरंजीवांची काळजी खोटी नाही. त्यांनी पेणचे कारखाने जवळून पाहिलेत. मूर्तिकार भांडवलासाठी कर्ज काढतो, वर्षभर माती मळतो, आणि सगळी वसुली भाद्रपदावर. एखाद्या वर्षी पाऊस, महापूर, साथ, काहीही झालं की घर बसलं. २०२० मध्ये करोनात मोठ्या मूर्तींवर बंधनं आली तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. बापाला हे दिसणारच. मायकेलँजेलोच्या बापालाही दिसलं होतं. पोरगं चित्रं काढतं म्हणून बाप आणि काका त्याला मारायचे, कारण हे काम घराण्याला शोभणारं नाही असं त्यांना वाटे. पुढे याच पोराने आयुष्यभर घरी पैसे पाठवले आणि बापाला, भावांना सांभाळलं, हेही चरित्रात आहे. पण हा दाखला मी चिरंजीवांना देणार नाही. मायकेलँजेलो एकच होतो, आणि आपली नात मायकेलँजेलो नाही, हे तिलाही माहीत आहे.

मला दाखला द्यायचाय तो जवळचा. अलिबागजवळ सासवणे नावाचं गाव आहे. तिथले विनायकराव करमरकर, जन्म १८९१. खेड्यातला मुलगा. गावातल्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं, ते कुलाब्याचे कलेक्टर रॉथफिल्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी त्याला जे. जे.ला पाठवलं. पुण्यातला शिवाजी महाराजांचा तो भव्य अश्वारूढ पुतळा, १९२८ चा, याच करमरकरांचा. सासवण्याच्या घरात त्यांचं संग्रहालय आहे, जरूर बघा. तिथली म्हैस बघून खरी म्हैस बसली आहे असं वाटून माणसं थबकतात. आता विचार करा, साहेबाने भिंत बघितली आणि पुढे निघून गेला असता तर? चित्र तेच राहिलं असतं, हातही तेच. फक्त कुणी बघितलं नसतं.

आमच्या भिंतीसमोर आज आपण उभे आहोत, एवढंच मला म्हणायचंय.

नातीने नुसतं 'मला आवडतं' म्हणून हट्ट धरला असता तर मी चिरंजीवांच्या बाजूने बोलले असते. आवड काय, महिन्याला बदलते. पण गेली दोन वर्षं ही मुलगी सुट्टीत पेणला एका कारखान्यात जाते. पहिली सुट्टी पूर्ण तिला माती मळायलाच लावलं, दुसऱ्या सुट्टीत सांधे पुसायला. तिने कुरकुर केली नाही. तिथल्या दादांनी गेल्या मे महिन्यात तिला एका फुटकळ मूर्तीवर आखणी करू दिली. मग ते बराच वेळ ती मूर्ती हातात फिरवत राहिले आणि फक्त "पुढची घे" म्हणाले. मी तिथेच बसले होते. चौतीस वर्षं मुलांची तोंडं बघितलीत मी, 'पुढची घे' म्हणजे काय ते मला कळतं.

आपल्याकडे म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिली असेल! पण पिएता बघताना मला तिची दुसरी बाजू दिसली. मे १९७२ मध्ये एक माणूस गर्दीतून पुढे आला आणि त्याने हातोड्याने या पुतळ्यावर पंधरा घाव घातले. मेरीचा हात कोपराजवळ तुटला, नाक फुटलं, पापणीचा तुकडा उडाला. तुकडे गोळा करून, संगमरवराची भुकटी वापरून पुतळा परत जुळवायला महिनोन् महिने लागले, आणि आता तो काचेआड असतो. म्हणजे घाव दोन प्रकारचे. मायकेलँजेलोनेही दगडावर घावच घातले होते, हजारो. पण त्याला आतलं काय राखायचं ते माहीत होतं. आपण मोठी माणसं मुलांना घडवतो म्हणताना नेमके कुठले घाव घालतो, हे एकदा तपासून बघायला हवं. हे मी चिरंजीवांनाच नाही, आपल्या सगळ्यांनाच म्हणते आहे.

तर माझं मत असं. तिने सीईटी द्यावी. जे. जे.ला प्रवेश मिळाला तर शिल्पकलेला जावं. पहिल्या वर्षाची फी आणि मुंबईतला राहण्याचा खर्च माझ्या पेन्शनमधून, त्यासाठी घरातल्या कुणाच्या खर्चाला हात लागणार नाही. वर्षानंतर तिचं काम बघून पुढचं ठरवू. प्रवेश मिळाला नाही तर तिने इंजिनिअरिंगचा अर्ज भरावा, हे तिने माझ्याकडे कबूल केलंय. आणि या वर्षभरात रसायनशास्त्राचे मार्क खाली आले तर मी तिची बाजू सोडीन, हेही तिला सांगितलंय.

चिरंजीव हे वाचतील तेव्हा रागावतील. रागवावं, मग जेवायला बसावं आणि बोलावं. दिवाळीपासून फार शांतता झाली घरात.

वाचकांपैकी कुणाची मुलं, भाचरं शिल्पकला शिकली असतील, तर तिथे रोजचं काम कसं असतं, पुढे पोट कशावर भरतं, ते मोकळेपणाने कळवा. गोड करून सांगू नका, चिरंजीवांना वाचून दाखवायचंय.